सुमनच्या नावाचे पैसे

माझं शुद्धलेखन चुकतं, आणि अक्षर तर त्याहून वाईट. ओळ सरळ सुरू होते आणि पानाच्या कडेपर्यंत जाता जाता खाली उतरते. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. नंतर पेन हातात आलं ते सही करण्यापुरतं. ही वही कोणाला दाखवायची नाही. तरी माझ्या माघारी कोणाच्या हाती लागलीच, तर वाचणाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घाला हसू नये, एवढी आधीच माफी मागते. कर्णिकबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "शांता, माफी पुरे, आता मुद्द्याचं बोल."

मुद्दा कर्णिकबाईच आहेत.

गेल्या आठवड्यात आमच्या घरी पोस्टाने एक गुळगुळीत पाकीट आलं. कुठल्याशा संस्थेचं होतं. आत एका पोरीचा रंगीत फोटो, गालावरून पाणी ओघळतंय, आणि खाली मोठ्या अक्षरात मदत मागितलेली. माझ्या सुनेने उभ्या उभ्या बघितलं, "अगंबाई, बिचारी" म्हणाली आणि रद्दीवर ठेवून दिलं. सून मनाने वाईट नाही. पण मला बाईंची अशी आठवण आली, की त्या दिवशी तव्यावरची भाकरी दोनदा करपली.

कर्णिकबाई आधी पोस्टात होत्या, मनीऑर्डरच्या खिडकीत. लग्न केलेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या वसतिगृहाचं चिटणीसपद घेतलं. वसतिगृह पंचवटीत, पायाने अधू असलेल्या मुलींचं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पलीकडचे पाडे, तिकडून मुली यायच्या आणि जवळच्या शाळेत शिकायच्या. मी तिथे स्वयंपाकाला होते. सरकारी अनुदान थोडं, आणि तेही उशिरा. बाकी सगळं देणगीवर चालायचं, आणि देणगी यायची बाईंच्या पत्रांवर. नव्वद सालानंतरची ही गोष्ट.

बाई उंच आणि काटकुळ्या. पदराला दोन्हीकडे पिना. टेबलावर पोस्टातल्यासारखी ओल्या स्पंजची डबी. कोणी तिकीट जिभेला लावलेलं दिसलं की ओरडायच्या, "जीभ बोलायला दिली आहे गं!" दसऱ्याच्या आधी त्या पत्रं लिहायला बसायच्या, आणि प्रत्येक पत्र हाताने. अध्यक्ष नानासाहेब म्हणायचे, "बाई, छापून घेऊ, दोन दिवसांत काम होईल." नानासाहेबांचं कापडाचं मोठं दुकान होतं, त्यांना वेळेची किंमत होती. बाई म्हणायच्या, "तुमच्याकडे लग्नाची पत्रिका छापून येते आणि बहिणीचं पत्र हाताने लिहून येतं. आधी कोणतं उघडता?"

पत्र लांब लिहायचं नाही हे त्या मनीऑर्डरच्या फॉर्मवरून शिकल्या होत्या. फॉर्मच्या खाली मजकुराला चार बोटं जागा असते. अडाणी माणसं खिडकीत यायची आणि बाईंना म्हणायची, लिहा तुम्हीच. बाई मला सांगायच्या, "मुंबईला हमाली करणारा माणूस गावाकडे पैसे पाठवतो, तेव्हा 'मी मजेत आहे' असं लिहायला सांगत नाही. 'म्हशीचा हप्ता आधी भर, मग घरावर पत्रे टाक' असं सांगतो. त्यात त्याची सगळी माया आली की नाही?"

पत्र लिहून झालं की त्या स्वयंपाकघरात यायच्या.

"शांता, ऐक."

"मला काय कळतंय बाई त्यातलं?"

"नाही कळलं तरी चालेल. तू आपली मेथी निवड."

मी मेथी निवडत राहायची आणि त्या वाचायच्या. वाचताना चष्म्यावरून माझ्याकडे बघायच्या. मधेच पेनाने कागदावर खूण करायच्या, कधी ओळच्या ओळ खोडायच्या. हे काय चाललंय ते मला लवकर समजलं नाही. मग एकदा त्यांनीच सांगितलं. त्या माझ्या तोंडाकडे बघतच नव्हत्या, हातांकडे बघत होत्या. "आपल्या उदार आश्रयाची संस्थेस नितांत गरज आहे" या ओळीला माझे हात चालूच राहिले, म्हणून ती ओळ गेली. "आमच्या यमुनेला गणितात पैकीच्या पैकी मिळाले, आणि पुढच्या वर्षीचा वर्ग माडीवर आहे. जिन्याला कठडा नाही" या ओळीला माझ्या हातातली काडी तशीच राहिली. ती ओळ ठेवली. त्याच्यापुढे कठड्याला किती खर्च आहे ते लिहिलं आणि सही केली. त्या वर्षी कठडा झाला. यमुना हाताने धरत धरत माडीवर जायला लागली.

तेव्हापासून त्या वाचायला लागल्या की मी अवघडून जायची. हात मुद्दाम चालवायची. बाई म्हणायच्या, "नाटक करू नकोस, मेथीत मुळं यायला लागली आहेत."

त्यांची एक रीत होती. ज्या मुलीच्या नावाने पत्र जायचं, तिला ते आधी वाचून दाखवायचं. मुलगी "हे खरंय" म्हणाली तरच पाकिटात घालायचं. आणि एका पत्रात एकच मुलगी, एकच मागणं. नानासाहेबांनी एकदा फोटोवाला बोलावला आणि मुलींना फाटके फ्रॉक घालून कुबड्या घेऊन ओळीत उभं केलं. बाई बाहेरून आल्या, बघितलं आणि फोटोवाल्याला म्हणाल्या, "जरा थांबा हं, चहा घ्या." मग आत जाऊन एकेकीला दिवाळीचे फ्रॉक घातले, वेण्या घातल्या, रिबिनी बांधल्या.

"अहो बाई, असं बघून कोण पैसे देईल?" नानासाहेब म्हणाले.

"नानासाहेब, तुमच्या मुलीला बघायला आले होते तेव्हा कोणती साडी नेसवली होती?"

नानासाहेब चहाचा कप घेऊन खिडकीकडे वळले. फोटो निघाले ते रिबिनींचेच. 'बिचारी' हा शब्द बाईंनी कधी लिहिला नाही. म्हणायच्या, "बिचारी म्हटलं की वाचणारा हळहळतो, आणि हळहळून झालं की त्याला वाटतं आपण केलं जे करायचं ते."

आणखी एक पत्र असायचं, पाडव्याचं. त्यात काही मागायचं नाही. दिलेल्या पैशाचं काय झालं एवढंच लिहायचं, आणि वाईट झालं असेल तर वाईट. दिंडोरीच्या दौलतरावांनी, त्यांची द्राक्षाची बाग होती, एक चाकाची खुर्ची दिली होती. ती सहा महिन्यांत मोडली. नानासाहेब म्हणाले, हे कळवू नका. बाईंनी कळवलं, "आपण दिलेल्या खुर्चीचं डावं चाक निखळलं आहे. मुली तिच्यात दोघी दोघी बसत होत्या, चूक आमची आहे." चार दिवसांनी दौलतराव जीपमध्ये वेल्डिंगवाला घालून दारात हजर.

"कुठंय ती खुर्ची? आन त्या दोघी कुठंयत? बोलवा आधी!"

दोघी घाबरत आल्या. दौलतराव त्यांना म्हणाले, "आता तिघी बसल्या तरी मोडायची नाय आशी करून देतो." त्या दिवशी ते आमच्याकडे पिठलं-भाकरी जेवून गेले, आणि पुढे दर वर्षी हंगामात द्राक्षाच्या पेट्या पाठवत राहिले.

आता सुमनचं लिहिते. लिहायचं नव्हतं, पण तिच्यावाचून बाई पुऱ्या होत नाहीत.

सुमन सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. आठ-नऊ वर्षांची, डावा पाय पोलिओने वाळलेला. अंगाने चिमणी, पण तोंडाने धीट. स्वयंपाकघरात माझ्या पाठीशी कुबडी टेकून बसायची आणि भाकरीचा पहिला पापुद्रा मागायची. पुण्याच्या एका डॉक्टरांनी तिला तपासलं आणि सांगितलं, ऑपरेशन केलं तर पाय टेकून चालेल. खर्च मोठा होता. बाईंनी पत्र लिहिलं आणि रीतीप्रमाणे सुमनला समोर बसवून वाचलं. मी होतेच.

"सुमनला इतर मुलींसारखं धावायचं आहे," बाईंनी वाचलं.

"माला धावायचं नाय," सुमन म्हणाली.

"नाही? मग काय करायचंय?"

"माला आईसंगं पाण्यावर जायचंय. डोकीवर हंडा घेऊन. कुबडी आसली का हंडा धरता येत नाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग आधीचं पत्र फाडून टाकलं आणि सुमन बोलली तेवढंच लिहिलं, तिच्याच बोलीत. खाली ऑपरेशनचा खर्च. संपलं पत्र.

असे पैसे पूर्वी कधी आले नव्हते. दौलतरावांनी दिले, मुंबईहून आले, सरकारी कचेरीतल्या बायकांनी गोळा करून पाठवले. चांदवडकडच्या एका गावात बाईंच्या ओळखीचा किराणा दुकानदार होता. त्याने पत्र दुकानात मोठ्याने वाचलं. कांदा निवडायला जाणाऱ्या बायका मीठमिरची घ्यायला आल्या होत्या, त्यांनी तिथल्या तिथे कनवटीचे पैसे काढून दिले. दुकानदाराने सगळ्यांची नावं लिहून एक मनीऑर्डर पाठवली. बाईंनी ती नावं मला वाचून दाखवली.

ऑपरेशनची तारीख उन्हाळ्यानंतरची मिळाली. सुट्टीत सुमन घरी गेली. जाताना मला म्हणाली, "मावशे, आता येईन ना, तर पुण्याला जायचंय माला." तिला तिकडे ताप आला. कावीळ होती म्हणतात. पाड्यावरून दवाखान्यापर्यंत न्यायला गाडी मिळेपर्यंत पोर राहिली नाही.

आम्हाला कळलं तेव्हा बरेच दिवस होऊन गेले होते. तिचा बापच आला. वसतिगृहाच्या पायरीवर बसला होता, मांडीवर कुबडी. त्याला आत बोलावलं तर येईना. बाई बाहेर आल्या. त्याने उठून दोन्ही हातांनी कुबडी पुढे केली.

"ही तुमची व्हती बाय. पोर नाय राहिली. मंग आमी ठेवून काय करू? तुमचं ते तुमाला."

बाईंनी कुबडी घेतली. खाली रबराचं बूच असतं ते त्याने धुऊन आणलं होतं. मी त्याला जेवायला वाढलं. तो जेवला, ताट घासून ठेवलं आणि गेला. एसटीचं भाडं बाईंनी देऊ केलं, ते घेतलं नाही.

बाई त्या दिवशी टेबलाशी बसून राहिल्या. संध्याकाळी मी चहा नेला तेव्हा म्हणाल्या, "शांता, तो माणूस एक कुबडी परत द्यायला सुरगाण्याहून आला." मी म्हटलं, हो बाई. "आणि माझ्याकडे त्याच्या पोरीच्या नावाचे एवढे पैसे आहेत."

दुसऱ्या दिवशी त्या नानासाहेबांकडे गेल्या. म्हणाल्या, ज्यांचे त्यांना परत करू. तेव्हा कळलं की पैसे नाहीतच. बँकेत दोघांच्या सह्या लागायच्या, आणि बाईंना बँकेच्या रांगेचा कंटाळा. म्हणून त्या चेकबुकातल्या कोऱ्या चेकांवर आधीच सह्या करून ठेवत. पोस्टात उभं आयुष्य दुसऱ्याच्या पैशाची काळजी घेतलेली बाई, पण नानासाहेबांवर विश्वास होता. नानासाहेबांनी ते पैसे मुलींच्या न्हाणीघरांना लावले होते. नळ, फरशी, धरायला दांडे. ऑपरेशनच्या वेळेपर्यंत अनुदान येईल, त्यातून भरून काढू असा त्यांचा हिशेब.

"मी घरी नेले का बाई? पोरींसाठीच बांधलं ना?"

"लोकांनी न्हाणीघराला दिले नव्हते, नानासाहेब."

"मग दुसऱ्या पोरीचं ऑपरेशन करू पुढे. पैसा संस्थेचा आहे. आणि सह्या तुमच्याही आहेत."

नानासाहेब खोटं बोलत नव्हते. न्हाणीघरांची खरंच गरज होती. पूर्वी पावसाळ्यात मुली शेवाळावरून घसरून पडायच्या. पण बाई घरी आल्या त्या 'सह्या तुमच्याही आहेत' एवढंच घेऊन.

त्यांनी सगळ्या देणगीदारांना पत्र लिहिलं. सुमन गेली. तिचा बाप कुबडी घेऊन आला. पैसे दुसरीकडे खर्च झाले, सही माझी होती. मी ते माझ्या पेन्शनमधून जमेल तसे परत करीन, थोडा धीर धरावा. पत्र मला वाचून दाखवलं. समोर मेथी होती की काय होतं ते आठवत नाही. मी रडत होते.

पत्रं गेली, आणि मग उलटंच झालं. लोकांनी पैसे मागितले नाहीत. लोकांनी आणखी पाठवले. रोज पोस्टमन मनीऑर्डरी घेऊन येई. कोणी लिहिलं, अशी माणसं आता राहिली नाहीत. कोणी लिहिलं, कुबडीचं वाचून घरात सगळे रडलो. ज्यांनी पहिल्यांदा वीस दिले त्यांनी शंभर दिले.

नानासाहेब पेढे घेऊन आले. "बाई, काय पत्र लिहिलंत! दगडाला पाझर फुटेल. हेच आता छापून सगळीकडे पाठवू. दोन मुलींची ऑपरेशनं होतील."

बाईंनी पेढा हातात घेतला होता, तो टेबलावर ठेवला. नानासाहेब गेल्यावर मला म्हणाल्या, "शांता, खरं सांग. मी ते पत्र वाचत होते तेव्हा तुझे हात थांबले होते का?"

मी म्हटलं, "थांबले होते बाई."

"कुठे?"

"बाप पायरीवर बसला होता तिथं. आन बूच धुऊन आणलं होतं तिथं."

"मलाही माहीत होतं," बाई म्हणाल्या. "लिहितानाच माहीत होतं की तिथे थांबतील. पैसे परत करते एवढं सांगायला बूच धुतल्याचं लिहायची काय गरज होती गं? पोर मेली, आणि माझा हात आपला चांगलं पत्र लिहीत बसला."

मला तर ते पत्र चांगलंच वाटलं होतं.

नवीन आलेले सगळे पैसे त्यांनी आल्या पावली परत पाठवले. त्यासोबत जायची चिठ्ठी लिहायला बसल्या. मला बोलावलं, पुढ्यात मेथीची जुडी टाकली आणि वाचायला लागल्या. माझा हात जरा अडला की ती ओळ खोडायच्या. परत लिहायच्या, परत वाचायच्या. 'आपल्या भावना समजतात' खोडलं. 'सुमन' हे नाव खोडलं, कारण तिथे हात थांबणारच. शेवटी उरलं ते एवढं: आपले अमुक रुपये परत पाठवीत आहे. मिळाल्याची पोच द्यावी. मी पुरी जुडी न थांबता निवडून काढली.

"आता बरोबर झालं," बाई म्हणाल्या.

त्यानंतर त्यांनी मागणीचं पत्र लिहिलं नाही. चिटणीसपद सोडलं आणि भद्रकाली भागात एक खोली घेऊन राहिल्या. मी आठवड्यातून एकदा जायची. त्र्यंबकच्या एका धर्मशाळेची माणसं एकदा आली होती, आम्हाला पत्र लिहून द्या म्हणून. बाईंनी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, "मला आता येत नाही." त्यांना खोटं वाटलं. बाई म्हणाल्या, "खरंच येत नाही. दोन ओळी खऱ्या लिहिल्या की तिसरीला वाटतं, मी हे कशासाठी लिहिते आहे."

दर महिन्याला पेन्शन आली की त्या काही मनीऑर्डरी करायच्या. जुन्या खिडकीशी रांगेत उभ्या राहायच्या. आतला पोरगा म्हणायचा, "मॅडम, आत येऊन बसा." त्या बसायच्या नाहीत. काही मनीऑर्डरी घेणाऱ्याने नाकारल्या म्हणून परत यायच्या, बाई पुन्हा करायच्या. दौलतराव तर भांडायलाच आले. खोलीच्या दारात उभे राहून ओरडले, सगळी आळी जमा झाली.

"मला काय भिकारी समजता का काय बाई? दिलेलं परत घ्यायचं आमच्यात नाय!"

"तुम्ही खुर्ची दिली ती परत केली का मी? ती मुलींसाठी होती, मुलींच्याच कामी आली. हे पैसे नाही आले."

"मंग न्हाणीघराला दिले आसं समजा!"

"तुम्ही समजा. मला समजता येत नाही."

दौलतराव पैसे खिडकीत ठेवून गेले. बाईंनी ते दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवले. तिसऱ्यांदा त्यांनी घेतले. पण त्यानंतर ते कधी आले नाहीत, आणि वसतिगृहाला द्राक्षंही आली नाहीत.

बाईंचं बरोबर होतं का, मला आजही सांगता येत नाही. नानासाहेबांची छापील पत्रं जायला लागली. पांढरेशुभ्र कागद, फाटक्या फ्रॉकचे फोटो. पहिल्या वर्षी बरे पैसे आले, मग कमी कमी होत गेले. एक खोली बंद केली. त्या वर्षी नवीन मुली घेतल्या नाहीत. मी वरणात पाणी वाढवायला लागले. एकदा बाईंकडे गेले तेव्हा मला राहवलं नाही. मी कधी कोणाला उलटून बोलत नाही, पण बोलले, "बाई, तुमचा हट्ट पोरींच्या ताटात उतरतो. तुम्ही एक पत्र लिहिलं तर काय होईल?"

बाई उठल्या, कागद घेतला, पेनात शाई भरली आणि लिहायला बसल्या. त्यांनी वर 'सप्रेम नमस्कार' लिहिलं. पेन तसंच धरून होत्या. शाईचा ठिपका कागदावर मोठा होत गेला. शेवटी म्हणाल्या, "जा तू शांता. पोरींचं जेवण राहील." मी जिन्यात येऊन पदर तोंडाला लावला. तसं बोलायला नको होतं असं मी म्हणत नाही. पोरी उपाशी होत्या. पण त्या कागदापुढची बाई मला बघवली नाही.

वर्षं गेली. डोळ्यांत मोतीबिंदू झाला तरी ऑपरेशन पुढे ढकलत राहिल्या, पैसे आधी तिकडे जायचे. दूध बंद केलं. पेपर बंद केला. मी डब्यातून काही नेलं तर म्हणायच्या, "वसतिगृहाचं आहे का?" मी म्हणायची, माझ्या घरचं आहे. मगच खायच्या. आणि एकेक करून सगळ्यांचे पैसे गेले. मुंबईच्या सगळ्यात मोठ्या देणगीदाराचेही गेले. त्याच्या मुलाने पोच पाठवली, वडील वारले होते. राहिली एकच बाई, चांदवडकडची भागाबाई. किराणा दुकानदाराच्या त्या यादीतली. बाकीच्या बायकांचे पोचले. भागाबाई गाव सोडून मुलीकडे राहायला गेली होती, तिची मनीऑर्डर सारखी परत यायची. रुपये वीस.

शेवटी एका पोस्टमनने कोणाकोणाला विचारून तिचं नवीन गाव काढलं. बाई म्हणाल्या, आपण जाऊ.

"बाई, वीस रुपयांसाठी? एसटीलाच त्याच्या किती पट जातील. मनीऑर्डर करा."

"इतक्यांदा परत आली. आता हातात देते. पत्रात मी वीसवाले आणि दोन हजारवाले वेगळे लिहिले होते का?"

बाई त्यानंतरच्या थंडीत गेल्या. दवाखान्यात होत्या तेव्हा मी जायची, पण त्यांचं तिथलं तोंड मला आठवायचं नाही. मला त्या शेवटच्या आठवतात त्या या दिवसाच्या.

आम्ही सकाळच्या एसटीने चांदवडला उतरलो, तिथून रिक्षाने भागाबाईच्या मुलीच्या गावात. भागाबाई कांदे साठवायच्या चाळीत निवडायला बसली होती. बारीक, काळीसावळी म्हातारी, कानात सोन्याचे बारीक मणी, अंगभर कांद्याची सालं. मी हाताला धरून बाईंना आत नेलं. त्यांना नीट दिसत नव्हतं. बाईंनी नाव सांगितलं, दुकानात वाचलेल्या पत्राची आठवण दिली.

"ती पोर व्हय!" भागाबाई म्हणाली. "झालं का मंग तिचं आपरेशन?"

तिला पुढचं काही माहीतच नव्हतं. दुसरं पत्र तिच्यापर्यंत गेलंच नव्हतं. बाई खाली कांद्यांतच बसल्या. म्हणाल्या, "नाही. त्याच्या आधी ताप आला. गेली ती."

भागाबाईचे हात थांबले नाहीत. एक कांदा इकडे, एक तिकडे टाकत राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "लय तरास झाला का लेकराला?"

एवढ्या वर्षांत बाईंना हे कोणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही. बाई म्हणाल्या, "मी तिथे नव्हते हो. मला माहीत नाही." आणि त्यांना रडू आलं. आवाज न करता त्या खूप वेळ रडल्या. भागाबाईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, सालपटांसकट.

मग बाईंनी पर्समधून वीस रुपये काढले. भागाबाई मागे सरकली.

"आवो नाय नाय. दिलं ते दिलं. मेलेल्या लेकराच्या नावाचं घरात घेऊ का?"

"तिच्या कामी आले नाहीत ते."

"मंग दुसरीला द्या एखादीला."

"दुसरीचं तुम्हाला मी कुठे सांगितलं होतं?"

"न्हाय सांगितलं तर आता सांगा. मी काय हिशेब मागाया आले का तुमच्याकडं?" भागाबाई माझ्याकडे वळली. "तुमी तरी सांगा ना यांना."

बाई त्या वीस रुपयांची नोट पुढे धरून बसल्या होत्या. शेकडो माणसांकडून ज्यांनी पैसे काढले, त्यांना या म्हातारीच्या हातात एक नोट ठेवायला शब्द सापडेना. मग त्यांनी नोट मांडीवर ठेवली आणि भागाबाईपुढे हात जोडले.

"माझ्यासाठी घ्या," त्या म्हणाल्या. "मला फार त्रास होतो. दुसऱ्या कोणासाठी नाही, माझ्यासाठी घ्या."

बाईंनी स्वतःसाठी काही मागितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

भागाबाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. हात लुगड्याला पुसले. बाईंच्या मांडीवरची नोट उचलली, पदराच्या टोकात ठेवून गाठ मारली आणि गाठ दातांनी आवळली.

"घेतले बरं का बाई," ती म्हणाली. "समदे फिटले."